चार सेकंद उरले असताना

एक्कावन्न-पन्नास. आम्ही पुढे.
भुसावळचं रेल्वे ग्राउंड, सिमेंटचं कोर्ट,
जानेवारीतली संध्याकाळ,
बोर्डाची सावली फ्री थ्रोच्या रेषेपर्यंत आलेली.
नंदुरबारचा अकरा नंबर, रोशन वळवी,
डावीकडून आत शिरला
आणि मी हात वर केला.

बस, एवढंच.
बाकी सगळं बावीस वर्षांचं बोलणं आहे.

सुरवाडे सरांची शिट्टी वाजली तेव्हा
लोको शेडचा भोंगाही वाजत होता,
म्हणून फिरके म्हणतो, शिट्टी आधी की चेंडू आधी
हे देवालाही सांगता यायचं नाही.
वाघुळदे म्हणतो, हात लागेलच नव्हता भो,
मी बेंचवरून पाह्यलं ना, मधात हवा होती.
(बेंच कोर्टाच्या त्या टोकाला.
वाघुळदेला तेव्हाच पावणेदोनचा चष्मा,
मॅचच्या दिवशी तो बॅगेत असायचा.)
झोपे आता वकील आहे, तो पुरावा मागत नाही,
तो प्रथा सांगतो:
शेवटच्या मिनिटात पंचानं शिट्टी गिळावी.
पोरांनी सुरू केलेलं पोरांनाच संपवू द्यावं.
चाळीस मिनिटं रक्त आटवायचं आम्ही
आणि निकाल लावणार कोण, तर
पांढऱ्या बुटातला एक माणूस?

चहा येतो.
बिनसाखरेचे कप दरवर्षी एकानं वाढतात.

मीही बोलतो. सगळ्यात जास्त मीच बोलतो.
तिसऱ्या क्वार्टरला ह्याच रोशननं
माझ्या बरगडीत कोपर घातलं,
तेव्हा सर काय आभाळातली विमानं मोजत होते?
टेबलावर थाप. कप हलतात.

एकदा सर भेटले होते.
पिठाच्या गिरणीत, रांगेत माझ्या पुढे, डबा घेऊन.
समोर आले की सर म्हणायचं,
पाठ फिरली की शिव्या, ही आमची रीत.
म्हटलं, सर, चारच सेकंद होते हो.
ते झाकणावरचं पीठ बोटानं पुसत म्हणाले,
पहिल्या मिनिटाला वाजवली असती, तर भांडला असतास?
नाही.
मग हात तोच आहे. घड्याळ तुझं.
आणि दादर दळून झाली का ते बघायला वाकले.

हे मी टपरीवर सांगितलं नाही.
झोपेनं चिंधड्या केल्या असत्या.
म्हणाला असता, वेळ बदलली की गुन्ह्याचं वजन बदलतं,
आणि खोटं कशाला बोलू, मला ते पटलं असतं.
चार सेकंद उरले असताना
हात माणसाला विचारून जात नाही.
ते शिवणं आणि एरवीचं शिवणं
एकाच काट्यावर कसं तोलायचं?

आणखी एक सांगितलेलं नाही.
रोशनच्या मनगटाला लाल दोरा होता,
आईनं देवमोगरेहून आणलेला, असं कोणीतरी म्हणालं होतं.
त्या रात्री होस्टेलच्या नळावर हात धुताना
माझ्या मधल्या बोटाच्या तुटक्या नखात
एक लाल तंतू.
पाण्यानं निघेना.
दातांनी काढला.

पहिला फ्री थ्रो रिंगवर दोनदा उडून आत पडला.
दुसरा सरळ. जाळीला आवाजही नाही.

टपरीचा अण्णा सपकाळे जन्मात कोर्टाकडे फिरकला नाही,
पण वाद चढला, गिऱ्हाईक वळून बघायला लागलं,
की गल्ल्यावर चमचा आपटतो:
ज्याचा फाऊल त्याचा च्या!
सगळे हसतात.
वाघुळदे पाठ थोपटतो,
अन्याय झाला भो तुझ्यावर, अजून होऊन ऱ्हायला.
मीही हसतो. पाकीट काढतो.
सहा कप, एक प्लेट भजी.
सुटे परत घेत नाही.